बिनअक्षरी पुस्तक वाचून दाखवण्याचे नियम
(शहागंज व परिसरातील पालकांसाठी)

पुस्तक उघडताच तुम्ही आधी मजकूर शोधाल, मग मलपृष्ठ उलटून किंमत पाहाल आणि म्हणाल, "एक अक्षर नाही आणि एवढे पैसे?" हे एकदाचे बोलून मोकळे व्हा. पैशांचाच प्रश्न असेल, तर रीड अँड लीड फाउंडेशनने 2021 पासून शहरातल्या मोहल्ल्यांत बालवाचनालये काढली आहेत, तिथे चौकशी करा.

घर घड्याळाच्या मनोऱ्याजवळ असेल तर खिडकी लावून बसावे. नाहीतर खालच्या हातगाडीवाल्याची आरोळी गोष्टीत शिरते आणि चित्रातला देवमासा 'बीस रुपये पाव' म्हणत टमाटे विकू लागतो. मुलाला हे आवडते, म्हणून तर खिडकी लावायची.

"हा कोण? रंग कोणता? बदकं किती, मोज बरं!" अशी चाचणी परीक्षा घेतली की मूल उठून जाते. वाचन संपले असे समजावे. परीक्षा टाळायची असेल तर गप्प बसावे. जमत नसेल तर तोंडात लवंग धरावी.

सर्वांत नाजूक प्रश्न बाजूचा. आपल्या गल्लीत मराठी शाळेतले पोर पुस्तक डावीकडून उलगडते, उर्दू शाळेतले उजवीकडून, आणि अडवायला इथे अक्षर नाही. रेमंड ब्रिग्जचे 'द स्नोमॅन' (1978) घ्या. आपल्या बाजूने वाचले तर शेवटी बर्फाचा माणूस वितळतो, टोपी-मफलर तेवढे उरते आणि मूल रडवेले होते. शेजारच्या पोराच्या बाजूने तोच माणूस ढिगाऱ्यातून टोपीसकट उठतो, मुलाला घेऊन आभाळात उडतो, मग मुलगा त्याला नीट मोडून अंगणभर पसरतो आणि गादीत शिरतो. आमच्या मते गोष्ट हीच खरी. ब्रिग्जसाहेबांचे अंमळ चुकलेच.

"हे सगळं विलायती खूळ," असे आजोबा म्हणतील. त्यांना शंभरेक किलोमीटरवर अजिंठ्याला न्यावे. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक भिंतीवर रंगवलेले आहे: राजपुत्र, दान, वनवास, सगळे चित्रांतच. तिथे आजोबा स्वतःच गोष्ट सांगू लागतील, तीही चुकीची. त्यांना तोडू नये.

पुस्तक दुसऱ्यांदा मुलाकडून ऐकावे. काल वाघ मामा होता, आज रिक्षावाला आहे आणि मीटरने यायला तयार नाही. खुलासा मागू नये. भाडे ठरवून बसावे.