दौऱ्यावरची दिल्ली

अण्णा मृद्संधारण खात्यात होते. दुष्काळी नगर जिल्ह्यात वर्षानुवर्षं बांधबंदिस्ती करून त्यांची नजर अशी झाली होती, की समोर माणूस आला तरी आधी त्याच्या पायाखालचा उतार दिसे. राजीव गांधी पंतप्रधान असतानाची गोष्ट. अण्णांना कामासाठी दिल्लीला जायचा हुकूम आला आणि मलाही न्यायचं ठरलं. त्यात प्रेमाचा भाग थोडा, हिशेबाचा जास्त. मला बारावं वर्ष सरत आलं होतं, म्हणजे रेल्वेचं अर्धं तिकीट बंद व्हायची वेळ. "आत्ता नेला तर निम्म्यात दिल्ली बघेल," अण्णा आईला म्हणाले. प्रवासभत्त्याच्या बिलात अर्थातच मी नव्हतो. त्या अख्ख्या दौऱ्यात सरकारदरबारी मी अस्तित्वातच नव्हतो.

आईनं दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही झेलम एक्सप्रेसमध्ये बसलो. ग्वाल्हेरच्या पुढे चंबळच्या घळी सुरू झाल्या, तसे डब्यातले लोक आवाज खाली आणून डाकूंच्या गोष्टी सांगू लागले. अण्णा खिडकीला नाक लावून हळहळत होते, "अरे, केवढी धूप! केवढी माती गेली!" डाकूंनी फार तर दागिने नेले असतील, माती नेणारं पाणी मात्र मोकाट सुटलं होतं, आणि अण्णांच्या दृष्टीनं खरा दरोडा तोच.

दिल्लीत मुक्काम पहाडगंजात. सकाळी एका भवनात गेलो. त्याचं नाव सांगत नाही. गावाकडे अण्णांची जीप बांधावर थांबली की पारावरची माणसं उठून उभी राहत. इथे पासच्या खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "किससे मिलना है?" अण्णांनी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, जिल्हा सांगितला, त्या वर्षीचं पर्जन्यमानही सांगितलं. त्यानं फक्त नाव लिहिलं आणि पुढे 'सोबत एक'. तो एक मी. सरकारी कागदावरची माझी पहिली नोंद ती.

मग बाकड्यावर बसून राहिलो. साहेब मीटिंगमध्ये होते, नंतर जेवायला होते, नंतर नुसतेच नव्हते. गॅलरीतून माकडं ये-जा करत होती. त्यांना पास लागत नव्हता. त्यांतल्या एकानं आमची उरलेली दशमी नेली. कँटीनमधले छोले-भटुरे खाऊन माझा दिवस सार्थकी लागला होता. फाइल शेवटी पोहोचली, पण तिच्यावर सही व्हायला 'कल आइए' पडलं.

तेव्हा संध्याकाळी अण्णा म्हणाले, "चल, राष्ट्रपतींचं घर बघू." इंडिया गेटपासून राजपथानं चालत निघालो. लांबून घुमट छान दिसत होता. जसजसे जवळ जाऊ, तसतसा तो खाली खाली जायला लागला. विजय चौकात पोहोचलो, तर ३४० खोल्यांचं घर टेकडीआड गडप! नुसती घुमटाची टोपी वर. अण्णा जागच्या जागी थांबले. एक डोळा मिटून त्यांनी तळहात आडवा धरला. "उतार चुकलाय," ते म्हणाले.

हे अण्णांचं खूळ नव्हतं, हे मला फार पुढे वाचनात कळलं. याच चढावरून ल्यूटन्स आणि बेकर या दोन वास्तुशिल्पकारांचं कायमचं बिनसलं होतं. ल्यूटन्सला चढ कापून सावकाश हवा होता, म्हणजे महाल सतत दिसत राहील. बेकर बधला नाही आणि सरकारनंही खर्चाला नकार दिला. १९३१ साली राजधानीचं उद्घाटन झालं, ते त्याच चढासकट.

अण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी बंदोबस्तावरच्या पोलिसालाच गाठलं. "ये चढाव गलत है. समपातळी देखके काटना मंगता था." पोलीस भला होता. तो म्हणाला, "ऊपर लिखकर दीजिए, साहब."

अण्णांनी ते मनावर घेतलं. रात्री दौऱ्याच्या दैनंदिनीत सुवाच्य अक्षरात नोंद झाली : 'सायंकाळी रायसीना टेकडीची पाहणी केली. उतार सदोष.' महिनाअखेरीस दैनंदिनी वरिष्ठांकडे गेली आणि लाल शाईतला शेरा घेऊन परत आली : 'दुरुस्तीचे अंदाजपत्रक का जोडले नाही? खुलासा करावा.'