निरंक

आमच्या केंद्रातल्या शाळांत मिळून सदतीस शिक्षक आहेत. छत्तीस जण माहिती पाठवतात आणि एक जण ती मागतो. हा मागणारा साहेब नव्हे, केंद्रप्रमुखही नव्हे, आमच्यासारखाच उपशिक्षक. पण २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला, त्याच्यासोबत 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द आला, आणि त्या दिवसांत ज्याच्या तोंडून "मला एक्सेलमध्ये बेरीज येते" असं निघून गेलं तो कायमचा अडकला. असा एक जण प्रत्येक केंद्रात असतोच. आमचे रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याला राहतात, आणि आम्ही त्यांना, ते समोर नसताना, निरंक गुरुजी म्हणतो.

ज्यांना सरकारी प्रपत्र कधी भरावं लागलं नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो: रकान्यात लिहायला काही नसलं तरी रकाना मोकळा सोडायचा नसतो. 'निरंक' लिहायचं असतं. सर्पदंश झालेले विद्यार्थी – निरंक. वादळात उडालेले पत्रे – निरंक. कळवण्यासारखं काहीच नाही हेसुद्धा आजच, दुपारी दोनच्या आत कळवायचं. दहा वर्षं हे केल्यावर तो शब्द गुरुजींच्या रक्तात गेला. बायकोने विचारलं, "अहो, घरात नारळ आहे का?" तर आतून उत्तर, "निरंक." मासेवालीला एकदा हेच ऐकवलं. तिला ती नवीन शिवी वाटली आणि तिने जुन्या चार ऐकवल्या.

त्यांची घडण झाली ती 'सरल' या विद्यार्थ्यांची माहिती भरायच्या पोर्टलच्या पहिल्या वर्षी. (या नावावरचे सगळे विनोद त्याच वर्षी करून संपले आहेत.) दिवसा सर्व्हर चालायचा नाही आणि घरात रेंज यायची नाही. मग गुरुजी रात्री एकला मोटारसायकलवर लॅपटॉप बांधून सड्यावर जायचे. एका रात्री गस्तीच्या पोलिसांनी हटकलं. "काय करताय इथे?" "मुलं चढवतोय," गुरुजी म्हणाले. पुढचा अर्धा तास पोलिसांना ही भाषा समजावण्यात गेला.

पोषण आहाराने तर त्यांचं जेवण नासवलं. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे. शिजलेलं, जेवलेलं आणि गोणीत उरलेलं रोज जुळलं पाहिजे. माझ्या पुतणीच्या लग्नात पंगत बसली तेव्हा गुरुजी वाढप्यामागून फिरत होते. मला वाटलं आग्रह करताहेत. जवळ गेलो तर पुटपुटत होते, "लाभार्थी एकशे बारा, अधिक दुबार नोंद तीन." ते तीन म्हणजे आमचे मेहुणे. दोनदा बसले होते.

पण गुरुजी कधी खोटा आकडा भरत नाहीत. सोपं असतं ते, भल्याभल्यांनी केलंय. गुरुजींना ते जमत नाही, आणि त्यांची सगळी फजिती तिथूनच सुरू होते.

त्यांच्या शाळेचा युडायस क्रमांक सगळ्यांसारखाच अकरा आकडी. आमच्या जिल्ह्याचे सगळे २७३२ ने सुरू होतात; २७ महाराष्ट्र, ३२ रत्नागिरी. पहिलीतल्या पोराला वीसपर्यंत अंक धड येत नाहीत, पण त्याच्या अंगावर बारा आकडी आधार, बारा आकडी अपार आणि अकरा आकडी पेन असे तीन क्रमांक. यातला एक जरी अंक रुसला तर पोरगं बाकावर असतं आणि पोर्टलवर नसतं. एकदा शाळेत गेलो तर गुरुजी एका मुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा इनव्हॅलिड." मुलगा बिचारा शेंबूड पुसत मजेत हसला.

तर परवाची शिक्षण परिषद. विषय होता शालेय माहितीचे विश्लेषण व उपयोजन. शंभर रुपये वर्गणी, उपमा, दुपारी वडा-उसळ आणि जिलेबी. वाऱ्याची दिशा बदलली की एमआयडीसीतल्या मासळीचा वास खोलीत येत होता, आणि मधूनच तटरक्षक दलाचं विमान डोक्यावरून गेलं की सुलभक हात वर करून थांबत. सुलभक म्हणजे परिषद चालवणारे, बाहेरून आलेले. त्यांनी मुलांना किती येतं ते तपासणाऱ्या, ४ डिसेंबर २०२४ च्या परख सर्वेक्षणापासून सुरुवात केली. तिसरी, सहावी, नववी, रंगीत खांब. खांब सहावीपर्यंत पोचले तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन बाई स्वेटरच्या टाक्यांवर विश्लेषण करत होत्या. मग सुलभक म्हणाले, "आता शाळास्तरावरचं एखादं उदाहरण?"

गुरुजी उठले. पेनड्राइव्ह तयारच होता.

पडद्यावर दोन रेषा आल्या. एक निळी, एक पिवळी. "निळी माझ्या शाळेचा पट," गुरुजी म्हणाले. "जूनला अठरा, ३० सप्टेंबरला अठरा, दिवाळीनंतर चढत चढत सत्तावीस, मेमध्ये परत अठरा. गेली पाच वर्षं असंच."

"आणि पिवळी?"

"हापूसचा मोहोर."

खोलीत हशा पिकला. पण गुरुजी विनोद करत नव्हते, ते त्यांना येतच नाही. कलमांच्या बागा राखायला नेपाळहून कुटुंबं येतात हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. ती दिवाळीनंतर उतरतात, आंबा संपला की जातात. त्यांची पोरं आपल्या शाळेत बसतात, महिन्याभरात "रे मेल्या" म्हणायला शिकतात आणि मार्चमध्ये पाढे. मात्र शिक्षक किती द्यायचे हे ठरतं ३० सप्टेंबरच्या पटावर. तेव्हा ही पोरं डोंगरापलीकडे असतात. बरीचशी आधारविना. जूनमध्ये पोर्टलवर त्यांना 'ड्रॉप बॉक्स'मध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्यांच्या पेटीत, टाकलं जातं, आणि नोव्हेंबरात गुरुजी त्या पेटीत हात घालून एकेकाला बाहेर काढतात.

सुलभकांनी चष्मा सारखा केला. "छान. यावर आपली उपाययोजना?"

"दोन सुचतात, सर. एक, मोहोर सप्टेंबरात आणणे. तो माझ्या हातात नाही. दोन, ३० सप्टेंबर डिसेंबरात नेणे. तो तुमच्या हातात आहे का ते पाहावं."

या वेळी कोणी हसलं नाही. केंद्रप्रमुखांनी खिडकीबाहेर पाहिलं. तेवढ्यात देवासारखं विमान आलं, आणि ते जाईपर्यंत जिलेबीची वेळ झाली होती.

"प्रपत्रात लिहा ना, स्थानिक अडचणी म्हणून रकाना आहे," सुलभक जाता जाता म्हणाले. गुरुजी तिथेच लिंक उघडून बसले. रकान्यात शब्द उमटेना. फक्त अंक घेत होता. त्यांनी ९ भरला. 'वैध मूल्य भरा,' असं लाल अक्षरात आलं. उसळ निवत होती. त्यांनी पुन्हा ९ भरला.

रात्री सव्वाअकराला केंद्राच्या ग्रुपवर त्यांचा अहवाल पडला. उपस्थित ३४. अनुपस्थित ३, नावानिशी. शिल्लक जिलेबी, नग ११. स्थानिक अडचणी – निरंक (पोर्टलनुसार). त्याखाली एक टीप: "यंदा मोहोर लांबला आहे. आंबा उशिरा संपेल. तरी संबंधित नऊ विद्यार्थ्यांना कोणीही जूनच्या आधी ड्रॉप बॉक्समध्ये टाकू नये."

खाली छत्तीस अंगठे. त्यातला पहिला माझा. टीप मी सकाळी वाचली.