दुतोंड्याच्या गुडघ्याला पाणी

नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या आम्हा मंडळींचा एक गोड गैरसमज असतो: आम्ही बघतो म्हणून ते चालतं. भिंतभर पडदा, त्यावर दोन हजार हिरवे ठिपके, मधूनच एखादा लाल. त्यासमोर खुर्चीत रेलून बसलं की आपण क्षीरसागरात शेषावर पहुडलो आहोत असं वाटायला लागतं. वास्तविक ठिपके आमच्या कृपेने हिरवे नसतात. डेटा आपल्या वाटेने जात असतो आणि आमची आपली गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. पण पाहुणे आले की तो पडदा दाखवायचाच, आणि त्यावर आलेख जितके जास्त तितकी आमची मान ताठ. तरीही माझं म्हणणं असं आहे, की दोन हजार यंत्रांवर ज्याला नीट लक्ष ठेवायचं असेल त्याने आधी काय बघायचं नाही ते ठरवावं. असं म्हणणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय आणणं आहे, म्हणून पुराव्यानिशी मांडतो.

पहिला पुरावा हिशेबाचा. यंत्रांची चौकशी करायचा एसएनएमपी नावाचा शिष्टाचार १९८८ साली ठरला. त्यातली नेहमीची रीत पंगतीतल्या वाढप्याची आहे. दर पाच मिनिटांनी फेरी, प्रत्येक पानापुढे वाकून "वरण हवं का?" चालू यंत्र क्षणात हो-नाही सांगतं. बंद पडलेलं काहीच सांगत नाही, म्हणून वाढपी पाच सेकंद थांबतो, पुन्हा विचारतो, पुन्हा थांबतो. तीन वेळा विचारायचं असं ठरलेलं असेल, तर उठून गेलेल्या पाहुण्याच्या रिकाम्या पाटापुढे पंधरा सेकंद जातात. दोन हजारांत शेकडा एक, म्हणजे वीसच यंत्रं बंद असली तर वीस गुणिले पंधरा, तीनशे सेकंद. अख्खी फेरी रिकाम्या पाटांपुढे संपली आणि १९८० जेवणारे वाढप्याच्या तोंडाकडे बघत राहिले. उत्तरासाठी न थांबता पुढे विचारत जावं आणि येईल ते उत्तर येईल तसं टिपावं, हा त्यावरचा उपाय. यावर कोणी म्हणेल, आता डिस्क स्वस्त झाली आहे, सगळंच दर सेकंदाला विचारा की. पण स्विचच्या पोटातला प्रोसेसर लहान असतो आणि त्याच्या लेखी आपली चौकशी हे सगळ्यात शेवटचं काम. फार विचारलं की तो विचारण्यानेच दमतो, आणि तो का दमला म्हणून आम्ही आणखी विचारतो. जास्त विचारणं हाच उपाय नव्हे, याचं आणखी एक उदाहरण: किती डेटा गेला हे मोजणारा जुना ३२ बिटांचा आकडा ४,२९,४९,६७,२९५ ला पोचला की पुन्हा शून्यावर येतो. एक गिगाबिटची लाइन भरून वाहत असेल तर चौतीस-पस्तीस सेकंदांतच तो फिरतो, म्हणजे पाच मिनिटांच्या दोन फेऱ्यांमध्ये आठ वेळा. यावर दर अर्ध्या मिनिटाला विचारणं हाही एक मार्ग होता. शहाण्या लोकांनी आकडाच ६४ बिटांचा केला आणि फेरी होती तशीच ठेवली.

दुसरा पुरावा नाशिकच्या गोदाघाटावर उभा आहे, तो म्हणजे दुतोंड्या मारुती, आणि त्याच्याबद्दल लिहायला लागलो की मला आवरत नाही. नाशिककराला पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे सांगून बघा; तो मान डोलावेल आणि विचारेल, "ते ठीक आहे हो, पण दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलं?" पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. बस्स, एवढीच मोजपट्टी. दशांश चिन्ह नाही, आलेख नाही, बॅटरी नाही. पण प्रत्येक खुणेला एक काम बांधलेलं आहे. गुडघ्याला लागलं की घाटावरचे टपरीवाले सामान हलवतात, आणि त्याहून चढत गेलं की भांडी बाजार, सराफ बाजारातली मंडळी तळमजल्यावरचा माल वर चढवायला लागतात. त्याच्या पलीकडचा इशाराही आहे. नारोशंकराचं मंदिर १७४७ चं, आणि त्यावरची घंटा वसईच्या १७३९ च्या विजयाची आठवण. पाणी त्या घंटेला लागलं की महापूर. नारोशंकरांनी काही घंटा पूर मोजायला टांगली नव्हती. पण गावाने विजयाच्या स्मारकाचा शेवटच्या धोक्याचा अलर्ट करून टाकला, हा मला वसईइतकाच मोठा पराक्रम वाटतो. बरं, दुतोंड्या म्हणजे तोंडं दोन. आमच्या भाषेत याला रिडंडन्सी म्हणतात आणि तिचं वेगळं बिल लावतात. मी जर ही यंत्रणा उभारली असती तर मारुतीच्या अंगावर चाळीस सेन्सर लावले असते, करंगळीचा स्वतंत्र आलेख काढला असता, आणि पुराच्या दिवशी पासवर्डची मुदत संपली म्हणून लॉगिन झालं नसतं.

यावर खरा आक्षेप असा, की गप्प बसलेल्यावर भरवसा कसा ठेवायचा? घंटा वाजत नाही याचे अर्थ दोन: पूर नाही, किंवा घंटेचा लोळा गळून पडला आहे. आक्षेप बिनतोड आहे. यंत्राने आपण होऊन हाक मारावी अशी सोय एसएनएमपीत आहे, तिला ट्रॅप म्हणतात. पण ती हाक वाटेत हरवू शकते, आणि मेलेला स्वतःच्या मरणाची वर्दी द्यायला येत नाही. म्हणून "आहेस का रे?" एवढं हलकं विचारणं ठेवावंच लागतं. त्यासाठी १९८३ मध्ये माइक म्यूस याने लिहिलेलं पिंग अजून पुरतं. बाकीचं सगळं हाकेवर सोडावं. तीही मोजकी, कारण मुख्य स्विच एक गेला की त्यामागचे चारशे जण एका सुरात गळा काढतात, आणि चारशे अलर्ट आलेला माणूस पहिलं काम करतो ते फोन सायलेंटवर टाकण्याचं. "लांडगा आला रे आला"च्या गोष्टीत आम्ही पोराला दोष देतो. इथे त्या पोराला ओरडायला लावणारे आम्हीच असतो.

थट्टा इथे जरा थांबवतो. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यात, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. गर्दीत मागच्याला पुढचं दिसत नाही, तो रेटत राहतो. पुढच्याची किंकाळी मागे पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा वेळी माहितीचा ढीग काय कामाचा? मिनिटाला किती माणसं या तोंडातून आत गेली, हा एकच आकडा हवा, आणि तो ऐकून वरचा रस्ता अडवायचा अधिकार असलेला एक माणूस हवा. २०१५ च्या कुंभात नाशिकच्याच शाळकरी वयाच्या निलय कुलकर्णीने आणि त्याच्या सोबत्यांनी नेमकं तेवढंच केलं. वाटेवर दाब ओळखणारी चटई अंथरली, तिच्यावर पडणारी पावलं मोजली, आकडा पुढे पाठवला. १८ तासांत सुमारे ५ लाख माणसं मोजली गेली. चटईने कोणाचा चेहरा टिपला नाही, नाव-गाव विचारलं नाही. चटईचं नाव 'आशिओतो', जपानीत पावलांचा आवाज. आता २०२७ चं सिंहस्थ तोंडावर आहे, आणि कॅमेरे किती बसणार याचीच चर्चा जास्त ऐकू येते. मला चिडून विचारावंसं वाटतं, की त्यांच्याकडे बघणारे डोळे किती, आणि त्या डोळ्यांना दिसलं तर "थांबवा" म्हणायची मुभा आहे का? कॅमेरे हवेतच, नंतर तपासाला लागतात, असं उत्तर मिळेल. तेही खरं. पण 'नंतर' या शब्दाने माझ्या अंगावर काटा येतो.

एवढं सगळं मलाच पटलेलं आहे. तरी उद्या कोणी दुतोंड्याला आयपी पत्ता दिलाच, तर त्याला दर पाच मिनिटांनी पिंग केल्याशिवाय मला राहवणार नाही. आणि एखाद्या फेरीत त्याने उत्तर दिलं नाही, तर घाटावर जाऊन बघायच्या आधी मी पडदा रिफ्रेश करीन.