रविवारचे वस्ताद

सोमवार ते शनिवार हा माणूस तुमच्या लक्षातही येणार नाही. तो बँकेत असतो, विमा कंपनीत असतो, पाटबंधारे खात्यात तर हटकून असतो. डब्यातली दुधीची भाजी मान खाली घालून खातो आणि स्वतःच्या घरात साखरेचा डबा कोणता हे त्याला अजून विचारावं लागतं. रविवारी सकाळी मात्र तो खांद्यावर नॅपकिन टाकून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो आणि जाहीर करतो, "आज कुणी आत यायचं नाही. आज पनीर बटर मसाला. एकदम हॉटेलसारखा."

चांगला झाला तर चालणार नाही, हॉटेलसारखाच व्हायला हवा. चांगल्या भाज्या काय, बायको रोजच करते. गावोगावचे खानावळवाले 'घरगुती चव' अशी पाटी लावून पोट भरतात, आणि हे गृहस्थ घरातून नेमके उलट दिशेला निघालेले. आमच्या मजल्यावर असे एक आहेत. आम्ही त्यांना वस्ताद म्हणतो. तोंडावरच म्हणतो, त्यांना आवडतं.

वस्तादांची तयारी शनिवारी संध्याकाळपासून सुरू होते. काजू घ्यायचे ते तुकडा. 'अख्खे काजू वाटणारा माणूस हॉटेल बुडवेल' असं त्यांचं मत आहे, आणि ते बरोबर आहे. मगजबी, कसुरी मेथी, क्रीम, अमूल बटरचा मोठा पुडा. मिरची पूड काश्मिरीच, कारण तिच्यात रंग सगळा आणि तिखटपणा नावाला. वाण्याने ब्याडगी पुढे केली तर ते त्याच्याकडे अशा नजरेने बघतात की तो बिचारा न मागता दहा रुपये कमी करतो. कोळसा शहरात मिळत नाही म्हणून इस्त्रीवाल्याकडून दोन खडे. इस्त्रीवाला आता पैसे घेत नाही, भाजी झाली की वाटीभर मागतो.

वस्तादांचं ज्ञान खोटं नाही, हे आधी सांगून टाकतो. हॉटेलात ऑर्डर दिल्यावर दहा मिनिटांत पनीर कसं येतं, हे त्यांच्याइतकं नीट मला कुणी समजावलेलं नाही. सकाळीच ग्रेव्ह्या काढून ठेवलेल्या असतात. कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजबीची पांढरी, टोमॅटो-बटरची मखनी. कांदा तासन्‌तास परतलेला, टोमॅटो उकडून, वाटून, गाळलेला. ऑर्डर आली की पळीभर ही, अर्धी पळी ती, वरून कसुरी मेथी चुरडायची आणि बाऊल बाहेर. कढाई पनीर, टिक्का मसाला, व्हेज कोल्हापुरी, सगळ्यांचं मूळ त्याच दोन-तीन पातेल्यांत.

अडचण एवढीच की ती पातेली भरायला हॉटेलात सकाळपासून पोरं राबत असतात. एक कांदे सोलतो, एक लसूण, एक नुसता मोरीवर बसलेला असतो. वस्तादांनी ही व्यवस्थासुद्धा घरी जशीच्या तशी उभी केली आहे. 'आत यायचं नाही' हा हुकूम अर्धा तास टिकतो. मग, "अगं, जरा कांदे चिरून देतेस? बारीक हं." मग आईंना बाहेर लसणाच्या पाकळ्या नेऊन दिल्या जातात. मुलीकडे टोमॅटो गाळायचं काम येतं, मुलगा मिक्सरवर. वस्ताद स्वतः कढईसमोर उभे राहून फक्त हात पुढे करतात आणि हातात आलं-लसूण पेस्टची वाटी पडते. माझ्या मते हॉटेलच्या सर्वांत जवळ ते इथेच पोचतात.

परतणं सुरू झालं की इतिहास सुरू होतो. पेशावर, फाळणी, दिल्लीचं दर्यागंज, तिथलं मोती महल. उरलेली तंदुरी कोंबडी वाळून जाऊ नये म्हणून ती लोणी-टोमॅटोच्या रश्शात सोडली आणि बटर चिकन जन्माला आलं. पुढे शाकाहारी मंडळींसाठी तोच रस्सा पनीरवर ओतला गेला. ही युक्ती कुंदनलाल गुजराल यांची की कुंदनलाल जग्गी यांची, यावरून दोघांच्या वारसांचं भांडण २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. हे सगळं वस्ताद उलथनं हातात धरून सांगतात, आणि तेवढ्यात कांदा खाली लागतो. वहिनी गॅस बारीक करता करता म्हणतात, "म्हणजे उरलेलं खपवायचा प्रकार. मी फोडणीची पोळी करते, तेव्हा कुणी हायकोर्टात जात नाही."

कांदा लागला की दोष गॅसचा. "आपल्या शेगडीला प्रेशरच नाही!" हॉटेलातला सिलिंडर १९ किलोचा, आपला १४.२ चा, हे ते हळहळून सांगतात. वजनाचा आणि ज्वाळेचा तसा काही संबंध नाही. फरक रेग्युलेटरचा आणि भट्टीच्या बर्नरचा असतो. पण हे त्यांना सांगायला जाऊ नये. मी एकदाच सांगितलं, तर त्यांनी मलाच आलं किसायला बसवलं.

मग बटर. पहिला मोठा तुकडा पडतो तेव्हा वहिनी दारात येतात.

"अहो, डॉक्टर काय म्हणालेत?"

"हॉटेलात असं कुणी विचारतं का?"

दुसरा तुकडा त्या पाठमोऱ्या झाल्यावर पडतो. यानंतर सुरू होते तेल सुटण्याची प्रतीक्षा. ग्रेव्ही रटरटते, लाल ठिपके भिंतीच्या टाइल्सवर, एक्झॉस्ट फॅनवर, कॅलेंडरातल्या चतुर्थीवर उडतात. वस्ताद वाकून कढईच्या कडेला बघत असतात. बाहेरून आई विचारतात, "सुटलं का रे?" आतून उत्तर येतं, "सुटतंय, सुटतंय." दहावीच्या निकालालाही या घरात एवढा ताण नव्हता. शेवटी कडेला तांबूस तवंग दिसतो आणि सगळ्यांना आत बोलावून तो दाखवला जातो. मुलगी त्याचा फोटो काढते. काढला नाही तर जेवायला अजून उशीर होतो हे तिला माहीत आहे.

शेवटचा विधी धुंगाराचा. इस्त्रीवाल्याचा कोळसा गॅसवर लाल करायचा, भाजीत मधोमध वाटी ठेवून तिच्यात तो टाकायचा, वर चमचाभर तूप, आणि झटकन झाकण. कल्पना उत्तम आहे, चवही उतरते. पण वस्तादांचं झाकण कढईला कधीच नीट बसत नाही. पहिल्या वेळी वरच्या मजल्यावरच्या आजींनी कुणाकडे होम आहे का म्हणून चौकशी केली होती. आता त्या रविवारी खिडकीच लावून घेतात. वस्तादांचे धाकटे बंधू न्यू जर्सीला असतात. तेही याच पंथातले, पण तिकडे छताला स्मोक अलार्म, त्यामुळे बिचाऱ्यांची ग्रेव्ही कायम धुंगारावाचून राहते. व्हिडिओ कॉलवर दोघा भावांत दुसऱ्या कुठल्या विषयावर एवढं हळवं बोलणं होत नाही.

जेवायला तीन वाजतात. मुलांनी तोवर चिवडा खाल्लेला असतो. वस्ताद स्वतः जेवत नाहीत, तोंडं बघतात. 'छान झालीय' हे उत्तर इथे अपमान समजला जातो. शेजारी म्हणून मलाही डबा येतो आणि तो घेऊन आलेले वस्ताद दारातच थांबतात, म्हणजे मी झाकण उघडून तिथेच एक घास खायचा. मी प्रामाणिकपणे सांगतो, भाजी खरंच चांगली असते. दाट, मऊ, मेथीचा वास बरोबर शेवटी येणारा. गेल्या खेपेला तेवढं म्हणून मी थांबलो. त्यांनी विचारलं, "पण हॉटेलसारखी?" मी म्हटलं, हॉटेलातली जरा गोड असते. त्यांचा चेहरा पडला. साखर! टोमॅटोचा आंबटपणा मारायला हॉटेलवाला साखर घालतो हे त्यांना पाठ होतं, आणि इतिहासाच्या भरात घालायची राहिली होती. खरं तर म्हणूनच ती हॉटेलपेक्षा बरी लागत होती, पण हे ऐकायला ते थांबले नाहीत.

त्या रात्री ओट्यावर भांड्यांचा ढीग, मिक्सरची तिन्ही भांडी लाल, आणि कामवाल्या मावशींची रविवारची सुट्टी. वहिनींनी सांगून टाकलं की आता आपण काही करणार नाही, बाहेर जाऊ. मलाही ओढून नेलं. वस्तादांनी मेन्यू न बघता पनीर बटर मसाला मागवला, एक घास जिभेवर घोळवला आणि डोळे मिटले. मग वेटरला जवळ बोलावून, आवाज उतरवून विचारलं,

"ग्रेव्हीत मगजबी घालता, की नुसता काजू?"

वेटर आत जाऊन आला. "साहेब, आपल्याकडे पाकीट येतं. तयार. कापायचं आणि ओतायचं."

टेबलावर कुणी कुणाकडे बघेना. वहिनींनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. वस्तादांनी मात्र खिशातून मोबाइल काढला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "कुठल्या कंपनीचं? जरा रिकामं पाकीट दाखवतोस का?"