क्रमशःराव

या गृहस्थांचं खरं नाव आता मित्रमंडळींत कुणी घेत नाही. लांबलचक फॅनफिक्शन लिहायला घ्यायची आणि ऐन रंगात आली की ‘क्रमशः’ टाकून गुल व्हायचं, या कर्तृत्वावरून पडलेलं नावच त्यांना चिकटलं. वय चाळिशी, नोकरी हिंजवडीत. मन मात्र कायम हॉगवर्ट्‌सला मुक्कामी.

पहिलं प्रकरण दणक्यात होतं. दुसऱ्यात ड्रेको मालफॉयला मावसबहीण मिळते, तिसऱ्यात त्या बहिणीला भूतकाळ. दहाव्यापर्यंत पात्रं एवढी वाढतात की हॅरीला उभं राहायला जागा उरत नाही. मग क्रमशःराव संशोधनात शिरतात.

त्यांची एक्सेल शीट बघण्यासारखी आहे. कोणाची कांडी कुठल्या लाकडाची, कोण कुठल्या जिन्यावरून गेला, सगळं रंगीत रकान्यांत. ल्युपिनसर 1993-94 मध्ये शिकवायला होते आणि पौर्णिमेला त्यांचा लांडगा होतो, म्हणून यांनी शके 1915 आणि 1916 ची जुनी पंचांगं पैदा केली. वर ब्रिटनची वेळ हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार, तोही हिशेब चोख. शेवटच्या रकान्यावर लिहिलंय ‘शेवट’. तो कोरा.

नोव्हेंबरात 50,000 शब्द लिहायचा नॅनोरायमो उपक्रम 1999 पासून चालला. त्यात रावांनी आकडा गाठलाही. पण हर्मायनी पहिल्या तारखेला दार उघडायला उठली ती तिसाव्या तारखेलाही कडीशीच. 2025 मध्ये तो उपक्रम गुंडाळला गेला, तेव्हा हे म्हणाले, “बघा, दम त्यांनाही लागला!”

कोणी टोकलं की कॉनन डॉइल पुढे येतो. “त्यानं 1893 मध्ये होम्सला मारला, 1903 मध्ये परत आणला. वाचक थांबलेच ना?” डॉइलनं निदान मारून दाखवला होता, हे ऐकायला राव थांबत नाहीत.

त्यांची कॉलेजातली पुतणी आधी शेवटचं प्रकरण लिहिते. मग एका फुलस्केपवर मावेल एवढाच आराखडा, मोजकी पात्रं, आणि अख्खी गोष्ट हातात आल्यावर दर शनिवारी एक प्रकरण वाचकांपुढे. मधे सुचलेली मावसबहीण ती वेगळ्या वहीत टाकते. “काका, तुम्हाला गोष्ट संपवायची नाहीये, तिच्यात राहायचंय,” ती म्हणाली. राव खूश झाले. त्यांना ती दाद वाटली.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर प्रत्येक कथेपुढे झालेली प्रकरणं आणि एकूण प्रकरणं लिहिलेली असतात, एकूण ठरलेली नसतील तर तिथे प्रश्नचिन्ह असतं. फक्त पूर्ण झालेल्या कथा दाखवण्याची सोयही तिथे आहे. ती वापरल्याशिवाय रात्री अकरानंतर काहीही वाचायला घेऊ नका.