तोंडात राहून तोंड नाही

दाढ दुखायला लागली की साऱ्या घराला कळतं. रात्री दोन वाजता लवंगेच्या तेलाची बाटली शोधली जाते, ज्याला झोप लागली होती त्यालाही उठवलं जातं आणि सकाळी दवाखाना उघडायच्या आत माणूस पायरीवर हजर असतो. हिरडीचं तसं नाही. ती बिचारी लाल होते, सुजते, ब्रशला रक्त लावून दाखवते, अगदीच कुणी लक्ष दिलं नाही तर तोंडाला वास आणून बघते. पण बोंबलत नाही. आणि जे दुखत नाही त्याला आपल्याकडे आजार म्हणत नाहीत, 'उष्णता झाली असेल' म्हणतात.

आमचे मामा या उष्णता पंथाचे. बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसायला लागला तेव्हा त्यांनी आधी सब्जा खाल्ला. मग पेस्ट बदलली. मग कडक ब्रश आणला, कारण मऊ ब्रश म्हणजे त्यांच्या मते दातांचे फाजील लाड. रक्त वाढलं तसा त्या बाजूला ब्रश न्यायचाच बंद केला. खरचटलेल्या गुडघ्याला हे शहाणपण शोभतं. हिरडीच्या बाबतीत गाडी उलटी धावते. रक्त येतं ते दातांच्या मुळाशी साचलेल्या चिकट थरामुळे, आणि ब्रश थांबला की त्या थराला मोकळं रान.

हा थर म्हणजे जंतूंची भरवस्ती. १६८३ साली डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने स्वतःच्याच दातांतला पांढरा गाळ भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र धाडलं. हा गृहस्थ मिठाने नेमाने दात घासणारा. जन्मात दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातला ऐवज त्याने तपासला, तेव्हा तर तिथे जत्राच भरलेली. पुढे १९६५ साली डेन्मार्कमध्ये हेराल्ड लो आणि मंडळींनी १२ धडधाकट माणसांना दात घासणं सोडायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा ब्रश हातात दिल्यावर आठवड्याभरात ताळ्यावर आल्या. या १२ जणांतले बहुतेक दंतवैद्यकीचे विद्यार्थी होते. आमच्या हॉस्टेलात हाच प्रयोग वर्षानुवर्षं विनाअनुदान चालू होता, पण निष्कर्ष कुणी लिहून ठेवला नाही.

म्हणजे सुरुवातीला हिरडी माफ करते. पण थर तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांनी त्याचं कीटण होतं, दगडासारखं. ते ब्रशला दाद देत नाही. त्याच्या आडोशाला हिरडी दातापासून सुटत जाते, मध्ये खिसा पडतो, आणि खाली दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. ते गेलं की आपणहून भरून येत नाही. पायरिया म्हणतात तो हाच.

अखेर मामीने मामांना डेंटिस्टकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बारीक खुणा केलेली एक सळई त्या हिरडीच्या कडेने टोचत चालल्या होत्या आणि मदतनीस मुलगी आकडे लिहून घेत होती. "दोन, तीन, दोन... चार... सहा." क्रिकेटवेडे मामा तोंडाचा आ करून खुर्चीत पडले होते; 'सहा' ऐकून त्यांचे डोळे चमकले. इथे तीन मिलीमीटरपर्यंतच ठीक असतं, त्यापुढे आपलीच विकेट जाते, हे त्यांना नंतर समजलं.

"काका, शुगर कधी तपासली होती?"

"दात दाखवायला आलोय मी," मामा म्हणाले. शुगर वाढलेली निघाली. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या शुगर आटोक्यात येऊ देत नाहीत; दोघांचं साटंलोटं आहे. तंबाखूची तऱ्हा याहून बेरकी. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे आतून पोखरलेला माणूस बाहेरून ठणठणीत वाटतो. गावाकडच्या मावशीची मिश्री म्हणजेही भाजलेला तंबाखूच, पण हे तिला सांगायची प्राज्ञा कुणाची?

क्लीनिंगची तारीख ठरली आणि सोसायटीच्या बाकड्यावर एकमुखाने ठराव झाला, "मशीन लावलं की दात हलतात." मशीन दात हलवत नाही. हाड गेल्यामुळे हलायला लागलेल्या दातांना कीटणाचा टेकू असतो; तो निघाला की खरी परिस्थिती उघडी पडते. मामांच्याही पुढच्या दातांत फटी दिसल्या. जीभ सारखी तिकडेच.

"डॉक्टर, तुम्ही फटी पाडल्यात."

"फटी तुमच्याच, काका. कीटणाने भरल्या होत्या."

"मग बरं चाललं होतं की!"

बाईंनी शांतपणे मऊ ब्रश हातात दिला. हिरडीच्या कडेशी तिरका धरायचा, हलक्या हाताने दोन मिनिटं, रात्रीसुद्धा. फटींसाठी तारेचा इवलासा ब्रश वेगळा. थोडे दिवस रक्त आलं तरी थांबायचं नाही, आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायचं.

रक्त थांबलं, आणि मामा प्रचारक झाले. परवा भाचीच्या साखरपुड्यात मुलाच्या वडिलांशी ओळख झाली. गाव, नोकरी विचारून झाल्यावर मामांनी थेट विचारलं, "ब्रश करताना रक्त येतं का?" ते गृहस्थ भांबावून म्हणाले, "अधूनमधून." मामांचा हात खिशातल्या तारेच्या ब्रशाकडे गेला, तेवढ्यात मामीने त्यांच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.