जीर्णफोडकपरीक्षा अर्थात जुना ब्रेकर घेताना

प्रयोजन

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा ग्रंथ रचला. कोणत्या तिथीला कोणते व्रत, कोणाला कोणते दान, कोणत्या श्राद्धाला काय विधी, याची त्याने इतकी बारकाईने नोंद केली की पुढच्या सातशे वर्षांत कोणा गृहस्थाला स्वतःच्या डोक्याने उपास करण्याची वेळ आली नाही. मात्र जुना हायड्रॉलिक ब्रेकर विकत घेताना काय पाहावे, यावर या महाग्रंथात एक ओळ नाही. हेमाद्रीला दोष देता येत नाही. त्या काळी नवासुद्धा मिळत नव्हता. परंतु देवगिरी आमच्या घरापासून पंधराएक किलोमीटरवर असल्यामुळे राहिलेले काम पुरे करण्याची जबाबदारी निव्वळ शेजारधर्माने आमच्यावर येते.

नामनिर्णय

ब्रेकर तीन प्रकारचे असतात. रस्त्यावर आडवा पडतो तो, विजेच्या डब्यात बसतो तो, आणि यंत्राच्या सोंडेला लटकून दगड फोडतो तो. पहिला गाडी अडवतो, दुसरा वीज आणि तिसरा शेजाऱ्याची दुपारची झोप. प्रस्तुत प्रबंध तिसऱ्याविषयी आहे. शास्त्राला साजेसा शब्द हवा म्हणून आम्ही ‘फोडक’ असा शब्द योजला. आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान गंगापूर तालुक्यात विहिरी फोडण्याचा व्यवसाय करतात. त्यांनी तो ऐकून विचारले, “फोडक म्हंजे मास्तर, फोडणीतलं काही हाय का?” तेव्हा शीर्षकापुरता तो ठेवून पुढे ब्रेकरच म्हणू.

सोंड कोणाची, हाही एक वाद आहे. पुढे सुपडे आणि मागे बकेट असलेले यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, ते जेसीबी. ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाची आद्याक्षरे. त्याने १९४५ साली कंपनी काढली. साखळीच्या पट्ट्यावर चालणारे आणि जागच्या जागी गरगर फिरणारे यंत्र कोणत्याही मुलखातले असो, ते पोकलेन. हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. म्हणजे वैजापूरचा शेतकरी “जेसीबीनं उरकंना, पोकलेन लावू” असे म्हणतो, तेव्हा तो इंग्लंडची बाजू सोडून फ्रान्सला मिळालेला असतो, आणि बांधावर येऊन उभे राहणारे मशीन एखादे वेळी जपानी निघते.

देशनिर्णय

हे शास्त्र याच नगरात का उपजावे? मलिक अंबराने १६१० साली ज्या जागी शहर वसवले तिचे नाव खडकी. पुढे त्याच्या मुलाने ते फतेहनगर केले, १६५३ मध्ये औरंगाबाद झाले, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नावे चार झाली, खाली खडक तोच राहिला. दख्खनच्या पठाराचा हा काळा पाषाण लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. वर मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, आणि त्याखाली ज्याला घण लावला तर घणच उलटा येतो तो पक्का दगड. नळाची लाइन टाका, पाया खणा, शोषखड्डा घ्या. दोन हात खाली गेलात की इथे प्रत्येकाला आपापली खडकी भेटते.

इथल्या लोकांनी या दगडाशी उभा दावा मांडलेला आहे. देवगिरीचा डोंगर भोवताली सरळ तासून काढला आणि पायथ्याशी खडकातच खंदक खोदला. वेरूळला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कैलास लेणे कळसाकडून पायाकडे कोरत आणले. मागचा कडा सुमारे शंभर फूट उतरवला आणि हे सगळे छिन्नी-हातोड्यावर. बडोद्याच्या ताम्रपटात म्हटले आहे की हे देऊळ पाहून खुद्द घडवणाऱ्यालाच नवल वाटले : आपल्या हातून हे झाले तरी कसे! जुना ब्रेकर घेणाऱ्याला हेच नवल साधारण पहिल्या आठवड्यात वाटते.

हायड्रॉलिक या अंगाने पाहता पाणचक्कीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. दूरच्या डोंगरातला झरा मातीच्या नळांतून आणून, त्याच्याच दाबाने उंच चढवून, खाली सोडून जाते फिरवायचे, ही युक्ती या गावात अठराव्या शतकात चालू होती. पास्कलने द्रवाच्या दाबाचा नियम सतराव्या शतकात मांडला, ब्रामाने १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले, आणि जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९६० च्या दशकात हायड्रॉलिक ब्रेकर बाजारात आणला. पाण्याच्या जागी तेल आले आणि पिठाच्या जागी खडी. बाकी फरक नाही.

यंत्रविचार

ब्रेकरविषयी पहिला गैरसमज असा, की आतला पिस्टन दगड फोडतो. पिस्टनने जन्मात दगड पाहिलेला नसतो. तेलाचा दाब त्याला वर उचलतो. डोक्यावर कोंडलेला नायट्रोजन वायू दबतो. झडप फिरली की तेल आणि वायू मिळून त्याला खाली लोटतात. तो छिन्नीच्या माथ्यावर आदळतो. छिन्नी तो धक्का दगडाला पोचवते. हे एका मिनिटात कित्येक शे वेळा घडते. सरकारी कचेरीशी साम्य आहे : वरचा खालच्याला मारतो, खालचा जनतेला, आणि सगळ्यांच्या डोक्यावर हवा असते. ती हवा नायट्रोजनच लागते. कोणी वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजन भरण्याची काटकसर सुचवली तर त्याला आणि दुकानाला दोघांनाही नमस्कार करावा. दाबाखालचे तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, आणि ब्रेकर परत करण्याचा प्रश्न उरत नाही.

परीक्षाविधी

जुना ब्रेकर पाहण्याचे शास्त्र नवे आहे असे मानणारे लोक पाचोडच्या किंवा लासूर स्टेशनच्या बैलबाजारात गेलेले नसतात. अदात, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, ही बैलाची वयवारी आपल्याकडे पाठ होती. हेडी बैलाच्या तोंडात हात घालायचा, मग रुमालाखाली बोटे धरून भाव व्हायचा. बीड बायपासकडच्या यार्डात आता रुमालाऐवजी मोबाइलचे कॅल्क्युलेटर पुढे सरकवतात. बाकीची पद्धत आम्ही खाली क्रमाने देतो.

पहिली दंतपरीक्षा. छिन्नी लांब आणि नवी दिसली म्हणून ब्रेकर तरुण ठरत नाही. म्हाताऱ्यालाही कवळी बसवता येते. पाहायची ती हिरडी, म्हणजे छिन्नीभोवतीचे बुश. छिन्नीत पहार अडकवून आडवे हलवावे. जराशी हालचाल चालते. छिन्नी सैल दातासारखी डुलू लागली की बुश खाल्लेले आहे, आणि छिन्नी वाकडी बसली की पिस्टनचा घाव तिच्या माथ्यावर तिरका पडतो. जमले तर छिन्नी काढायला लावून आत टॉर्च मारावा. पिस्टनचे तोंड गुळगुळीत हवे. टवके उडालेले दिसले तर तोंड परत मिटावे, आपलेही.

दुसरी रंगपरीक्षा. ताज्या रंगाखाली काय आहे, हे ताज्या रंगामुळेच कळते. चार लांब बोल्टांनी सबंध ब्रेकर आवळलेला असतो. त्यांच्या नटांवरही रंग चढला असेल तर नट शेवटचे कधी आवळले ते विचारावे. बाहेरच्या सांगाड्यावर वेल्डिंगचा सांधा असला तर तो संसारातला ओरखडा समजावा. आतल्या सिलिंडरवर असला तर तो घटस्फोट समजावा.

तिसरी स्रावपरीक्षा. इथे नवखा हमखास फसतो. छिन्नीच्या मुळाशी काळा, घट्ट, किळसवाणा थर दिसला की तो नाक मुरडतो. तो थर म्हणजे ग्रीस, आणि ते सौभाग्यलक्षण आहे. काम चालू असताना दर दोनेक तासांनी ते भरायचे असते, आणि तेही छिन्नी दगडावर टेकवून आत दाबून धरलेली असताना. नाहीतर ग्रीस पिस्टनखाली साचते आणि पहिल्याच घावाला सीलची वाट लागते. उलट स्वच्छ पुसलेल्या छिन्नीवरून पातळ तेल ओघळत असेल तर सील गेलेली आहेत. सूत्र असे : काळे ते चांगले, निर्मळ ते वाईट. वधूपरीक्षेतून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

चौथी नाडीपरीक्षा. यंत्र चालू करून होज पाइपांकडे पाहावे. थोडी थरथर असतेच. पाइप साप मुरगाळल्यासारखे उसळ्या मारत असतील तर अॅक्युम्युलेटरमधला वायू गेला आहे किंवा आतला रबरी पडदा फाटला आहे. ही परीक्षा दोन मिनिटांत आटोपू नये. थंड तेलावर कोणताही ब्रेकर वाघ असतो. पंधरा-वीस मिनिटांनी तेल तापले की घाव मंदावतात आणि गळती डोके वर काढते. विक्रेता याच सुमारास चहाला चला म्हणतो. चहा तिथेच मागवावा.

पाचवी जोडपरीक्षा. लहान बैलाशेजारी मोठा जुंपला तर औत वाकडे चालते. ब्रेकरचे वजन आणि त्याला लागणारा तेलाचा ओघ आपल्या मशीनशी जुळला पाहिजे. वीस टनी पोकलेनचा ब्रेकर स्वस्तात मिळाला म्हणून जेसीबीच्या मागच्या सोंडेला बांधला तर सोंड उचलायचीच नाही.

सहावी शुद्धिपत्रपरीक्षा. ज्ञानेश्वरादी भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला आली, अशी परंपरा आहे. हप्ते थकवून फायनान्सने ओढून नेलेल्या यंत्रालाही तसेच पत्र लागते. त्याला एनओसी म्हणतात. ते, पक्के बिल आणि नंबराची पाटी यांपैकी काही नसेल आणि विक्रेता “माझ्या शब्दावर न्या” म्हणत असेल, तर त्याने आधी रेड्याकडून वेद म्हणवून दाखवावेत.

पूर्वपक्ष

या सहा परीक्षा वहीत उतरवून आम्ही दाजींबरोबर यार्डात गेलो. दोन ब्रेकर होते. एक पिवळाधमक, घोटून चमकवलेला. दुसऱ्याच्या अंगावर मुळचा रंग शोधावा लागत होता. विक्रेत्याने असा पूर्वपक्ष मांडला : “हा चकचकीत माल शहरातल्या पाडकामावर होता. जुनी घरं, स्लॅब, भिंती. मऊ काम. तो दुसरा विहिरींवर पक्क्या दगडात मेलाय.” मऊ खाल्लेला दात टिकतो, या न्यायाने आम्हाला हे पटले आणि आम्ही वहीत पिवळ्यापुढे बरोबरची खूण केली.

उत्तरपक्ष

दाजींनी ना वही पाहिली ना ब्रेकर. ते म्हणाले, “ज्यानं चालवलं त्यो पोरगा बोलवा. आन् एक धोंडा आणा.”

पिवळ्याचा ऑपरेटर बसला. छिन्नी टेकली, खडखडाट झाला, धोंडा दुभंगला, आणि त्यानंतरही चार घाव ठणाठण हवेत पडले. दाजींनी मान फिरवली. मळकटावर दुसरा पोरगा बसला. त्याने छिन्नी उभी टेकवली, मशीनचे वजन तिच्यावर दिले, थोडा वेळ मारले, फुटत नाही म्हटल्यावर उचलून जागा बदलली. धोंड्यात केस फिरल्यासारखी रेघ उमटली त्याच क्षणी त्याने पायडलवरून पाय काढला. धोंडा त्यानंतर, सावकाश, आपल्या आपण उघडला.

“ह्यो,” दाजी म्हणाले.

घरी येताना त्यांनी कारण सांगितले. छिन्नीखाली दगड असतो तोवर घावाचा जोर दगडात जातो. दगड नसला की तोच जोर छिन्नी अडकवणाऱ्या पिनेवर, बुशवर, लांब बोल्टांवर येतो. म्हणजे ब्रेकर स्वतःलाच फोडतो. स्लॅब पातळ असतो, एकदम ढासळतो, आणि ऑपरेटरचा पाय तेवढा चपळ नसतो. त्यामुळे मऊ कामात रिकामे घाव जास्त. “कडक दगडानं ब्रेकर मरत न्हाई मास्तर. दगड हाताखाली हाय तवर त्याला काय होत न्हाई. रिकाम्या घावानं मरतो.”

परिशेष

हेमाद्रीच्या ग्रंथाला शेवटी परिशेषखंड आहे. आधीच्या खंडांत जे बसले नाही ते तिथे घालता येते. आम्हीही सातवी पादपरीक्षा तिथे घातली. यंत्र जितके चालले त्यापेक्षा ते चालवणारा पाय कधी थांबला, यावरून त्याचे उरलेले आयुष्य मोजावे, असा सिद्धान्त. तो मळकट ब्रेकर दाजींनी घेतला. इसार दिला, एनओसी खिशात घातली, आणि त्या पोराचा मोबाइल नंबरही घेऊन ठेवला.

गेल्या रविवारी हा प्रबंध आम्ही त्यांना वाचून दाखवला. कैलास लेण्यापर्यंत ते जागे होते. सिद्धान्त संपल्यावर आम्ही पुढे ‘छिन्नी’ शुद्ध की ‘छन्नी’ या विषयावरचे टिपण काढले, त्याला तीन उपप्रकरणे आहेत, आणि पहिले सुरू केले. दाजींनी डोळे न उघडता हात वर केला.

“मास्तर, धोंडा कव्हाच फुटला. पाय काढा आता.”